आतला बॉल

धड पाऊस नव्हता आणि धड बर्फही नव्हता. ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे आयोवात असंच काहीतरी पडत राहतं... काचेवर आपटलं की थेंब, वायपरखाली सापडलं की चुरा. शेवटच्या मुलीला तिच्या फाटकाशी उतरवून मी शाळेची रिकामी बस घेऊन परतत होते. हॉफमनांच्या शेताच्या वळणावर एक गाडी चरात कललेली दिसली. शेजारी एक उंच माणूस उभा होता. डोक्यावर टोपी नाही, हातात छत्री नाही. कोट मात्र छातीशी असा घट्ट धरलेला, जणू आत मांजराचं पिल्लू आहे.

मी बस थांबवून दार उघडलं.

"काय लपवलंय?" मी विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली कोटाकडे, आणि कसनुसं हसून कोट थोडा उघडला. आत चामड्याचा एक जुना बेसबॉलचा ग्लव्ह होता.

"हा भिजला की कडक होतो," तो म्हणाला. "मी भिजलो तर काही बिघडत नाही."

"पहिल्या बाकावर बसा. तिथे आरशात दिसाल मला."

तो बसला. बाक पोरांच्या मापाचा, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. केसांतून पाणी गळत होतं, पण त्याने आधी ग्लव्ह बाहीने पुसला. कुठे जायचं ते मी विचारलं. आर्ने हॉगनकडे, तो म्हणाला. ते ट्रॅक्टर दुरुस्त करतात, ओळखता का?

"थोडंफार," मी म्हणाले.

मग तो बोलत राहिला, बहुधा थंडीने दात वाजू नयेत म्हणून. अठराव्या वर्षी नेब्रास्कातल्या एका खालच्या लीगच्या क्लबाने त्याला पिचर म्हणून, बॉल टाकायला, घेतलं होतं. शेतावरचा मुलगा, डावखुरा, बॉल कुठे जाईल त्याचा नेम नाही. त्या क्लबात एक चाळिशीचा कॅचर होता, गुडघे गेलेला. सगळी पोरं त्याला म्हातारबा म्हणायची. त्या माणसाने उन्हाळाभर त्याचे बॉल झेलले आणि त्याला पिचर केला.

"आता पुन्हा एकदा त्यांनी बघावं... नुसतं बघावं. दुसरं काही नको."

तोपर्यंत मी त्याला ओळखलं होतं. व्हर्नन ह्रुश्का. तो मोठ्या लीगमध्ये पोचला तेव्हा बाबा वर्कशॉपात रेडिओ लावून बसायचे आणि त्याची पाळी आली की कुणालाही ड्रिल चालू करू द्यायचे नाहीत. त्याच्या त्या एका सामन्याबद्दलही मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी बाबांनी रेडिओ बंद केला आणि न जेवता झोपले. पण त्यातलं मी काही बोलले नाही.

आमच्या अंगणात बस वळवली तेव्हा त्याने पाटी वाचली.

"थोडंफार ओळखते म्हणालात तुम्ही."

"बाप आहे माझा. बापाला माणूस थोडंफारच ओळखतो."

दार उघडण्याआधी मला त्याला सांगावंच लागलं. वसंतात बाबांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, आणि बोलणंही. एकच शब्द उरला होता – मंगळवार. भूक लागली तरी मंगळवार, राग आला तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी; एखादाच शब्द अडकून राहतो. तोच का, ते कोणालाच सांगता येत नाही.

तो पायरीवरून उतरला. मग आत जाऊन चाकाच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला आणि बाबांचा डावा हात हातात घेतला.

"म्हातारबा, मी व्हर्न."

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंगळवार," ते अगदी हळू म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या वेळी त्याचा अर्थ काय, हे व्हर्नने मला विचारलं नाही. म्हणूनच बहुधा मी त्याला जेवायला थांबा म्हणाले.

*

त्याने गावात कॅफेच्या वरची खोली घेतली. वर्कशॉपात बाबांनी अर्धवट खोललेले दोन ट्रॅक्टर तसेच पडून होते. सकाळी मी बस घेऊन गेले की तो ते दुरुस्त करत बसायचा. बाबा खुर्चीतून बघायचे, आणि पाना चुकीचा उचलला की मंगळवार म्हणून ओरडायचे. दुपारी मी परतले की आम्ही रिकाम्या गोठ्यात जायचो. बाबांनी तिथे पिचरसाठी मातीचा उंचवटा केला होता आणि समोर, बॅटर उभा राहतो तिथे, पंचकोनी पांढरी पाटी बसवली होती. मुलगा नव्हता, मी होते; त्यामुळे त्या पाटीमागे बसून झेलायला ते मलाच शिकवत आले होते. पुढे मी गावाच्या बायकांच्या सॉफ्टबॉल टीमची कॅचर झाले.

पहिल्या दिवशी मी पॅड बांधताना पाहून व्हर्न अवघडला.

"मी जोरात टाकतो," तो म्हणाला.

"मी जोरात झेलते."

पहिला बॉल आला तेव्हा मला दिसला कमी आणि ऐकू जास्त आला. चामड्यावर असा आवाज झाला की छपरातली कबुतरं उडाली. तळहात पेटला होता, तरी मी काही न दाखवता बॉल परत फेकला. बाबा गॅसच्या शेगडीजवळ घोंगडी पांघरून बसले होते आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हसत होती.

काही आठवडे असेच गेले. त्याच्या आईने नेब्रास्काहून खसखस घातलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, पाठवले; आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच खोका संपवला आणि बाबांसाठी एकच उरला. माझा डावा तळहात सुजून जांभळा झाला होता. व्हर्न रोज फडक्यात बर्फ बांधून आणायचा आणि माझा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून बसायचा.

"हा हात बघितला की मला लाज वाटते," तो एकदा म्हणाला.

"माझा हात धरून लाजणारे पुरुष इथे फारसे नाहीत."

तो खाली मान घालून बर्फ बांधत राहिला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. शेगडीमुळे असतील, मी स्वतःला समजावलं... शेगडी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

बॉल सुरेख पडत होते. जोर होता, वळण होतं. फक्त एक गोष्ट होती. सगळे बॉल बाहेरच्या अंगाला यायचे, बॅटर उभा राहील तिथून लांब. मी ग्लव्ह आत धरला, बॅटरच्या अंगाजवळ, की बॉल भलतीकडेच जाऊन फळ्यांवर आदळायचा. पाऊल लवकर पडतंय, खांदा उघडतोय, माती सरकतेय – व्हर्न दर वेळी वेगळं कारण सांगायचा. पिचरला आतला बॉल टाकता येत नाही हे एकदा बॅटरांना कळलं, की ते खुशाल पाटीवर झुकून उभे राहतात आणि त्याचे बाहेरचे बॉलही फोडून काढतात. म्हणूनच क्लबाने त्याला सोडून दिलं होतं. बाबा मान हलवायचे आणि चिडून मंगळवार म्हणायचे, आणि त्यांना जे सांगायचं होतं ते आम्हा दोघांनाही कळायचं नाही.

मला ते डिसेंबरात कळलं. मी जुनी गादी भिंतीला टांगली, हेल्मेट घातलं, बॅट घेतली आणि पाटीशेजारी बॅटरच्या जागी जाऊन उभी राहिले.

"टाक," मी म्हणाले.

तो उंचवट्यावर उभा होता. बॉल बोटांत फिरत राहिला. हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला... मग त्याने बॉल अंडं ठेवावं तसा मातीत ठेवला आणि तो दार उघडून बर्फात निघून गेला.

मी मागे गेले. तो कुंपणाला पाठ लावून उभा होता आणि श्वासाची वाफ भराभर निघत होती.

"कुणी दुसरं उभं असतं तरी जमलं नसतं मला," तो म्हणाला. "पण तू... तू तिथे उभी राहू नकोस, सिग्ना. एवढं ऐक माझं."

त्याला माझ्याविषयी काय वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं ते असं. सुखावायला हवं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तसं वाटण्याची सोय नव्हती.

मग त्याने लायनेल बॉस्टिकची गोष्ट सांगितली. रेडिओवर ऐकलेलीच, पण आता त्याच्या तोंडून. लायनेल तरुण होता, चांगला बॅटर होता, पाटीवर झुकून उभा राहायचा. व्हर्नचा आतला बॉल वर उठला आणि त्याच्या गालाच्या हाडावर बसला. स्टेडियम एकदम गप्प झालं. त्याचा उजवा डोळा गेला, आणि डोळ्याबरोबर बेसबॉलही.

"नंतर कधी भेटलास त्याला?"

त्याने मान आडवी हलवली.

"मग माझे बाबा काय बघणार तुझ्या खांद्यात?" मी म्हणाले. "शनिवारी त्याच्याकडे जाऊ आपण."

तू कशाला, असं तो पुटपुटला. तू पुन्हा चरात गाडी घातलीस तर बाहेर काढायला कोणी नको का, मी म्हणाले. तो हसला नाही, पण नाही म्हणाला नाही.

*

लायनेल मिसूरीतल्या एका गावात राहत होता आणि भावाच्या टायरच्या दुकानात काम करत होता. आम्ही आधी फोन केला होता. 'या', एवढंच तो म्हणाला होता. शनिवारी हॉफमनकाकू बाबांजवळ बसल्या आणि आम्ही पहाटेच निघालो.

दार लायनेलच्या बायकोने उघडलं. कॉरा तिचं नाव. तिने आमचे कोट घेतले, कॉफी आणून ठेवली आणि स्वतः दाराच्या चौकटीत उभी राहिली, बसली नाही. कोपऱ्यात लहान मुलाचा पाळणा होता. लायनेल सोफ्यावर बसला होता. रुंद खांद्यांचा, शांत. काचेचा डोळा इतका चांगला बसवला होता की कोणत्या डोळ्यात बघायचं ते कळत नव्हतं.

शेवटी लायनेलच म्हणाला, "हॉस्पिटलात का नाही आलास?"

"आलो होतो," व्हर्न म्हणाला. "गाडी लावली होती खाली... वर नाही येता आलं."

"माहीत आहे. माझ्या भावाने खिडकीतून बघितलं होतं तुला. म्हणाला, बोलावून आणू का? मी म्हटलं, त्याचा तो येऊ दे." तो थांबला. "मी खूप दिवस वाट बघितली."

व्हर्नने मान खाली घातली. कॉरा चौकटीतून हलली नव्हती.

"मला एकच विचारायचंय," लायनेल म्हणाला. "तो बॉल मुद्दाम होता का?"

मला वाटलं, व्हर्न नाही म्हणेल. वर्तमानपत्रांत तसंच आलं होतं, की बॉल हातातून सुटला. मीही तेच धरून चालले होते.

"आत मुद्दाम टाकला होता," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज इतका बसला होता की लायनेल पुढे झुकला. "तू पाटीवर झुकत होतास. तुला घाबरवून मागे सरकवायचं होतं मला. लागावा असं नव्हतं... इतका वर जावा असं नव्हतं. पण तू घाबरावंस, हे मनात होतं."

कॉराने चौकटीवर हात टेकला.

"मला ठाऊक होतं," लायनेल म्हणाला. "मला बॉल येताना दिसला होता ना. सगळे येऊन सांगायचे, अपघात, अपघात. मला वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलंय."

त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि व्हर्नने तसं मागितलंही नाही. कोपऱ्यातल्या पाळण्यातलं मूल रडलं, कॉरा त्याला घ्यायला गेली, आणि आम्ही उठलो. दारात लायनेलने व्हर्नला विचारलं, अजून टाकतोस का. गोठ्यात टाकतो, व्हर्न म्हणाला. लायनेलने मान हलवली आणि दार लावून घेतलं. पुढे त्याने कधी काही कळवलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. मलाही राग आला होता. इतके दिवस त्याचे बॉल झेलले, त्याने माझा हात गुडघ्यावर घेतला, कुंपणापाशी सगळी गोष्ट सांगितली आणि नेमकं तेवढंच गाळलं. आयोवाच्या हद्दीपर्यंत मी गप्प होते.

"आता तुला काय वाटतं माझ्याबद्दल?" त्याने विचारलं.

"तू खरं बोललास असं वाटतं. उशिरा, पण बोललास."

"आणि?"

"आणि भूक लागलीय."

रस्त्यालगतच्या एका खानावळीत आम्ही ॲपल पाय मागवला. एकच तुकडा उरला होता. त्यांनी दोन काटे दिले. खाता खाता त्याने टेबलावर हात पालथा ठेवला, अगदी माझ्या हाताशेजारी, न लागेल असा. थोडा वेळ बघून मीच माझा हात त्याच्या हातावर ठेवला.

*

ख्रिसमस झाल्यावर मी पुन्हा बॅट घेऊन पाटीशेजारी उभी राहिले. या वेळी तो बाहेर गेला नाही. पहिले बॉल लांबून गेले, मग थोडे जवळून. मी तिथेच उभी राहिले.

मग एक बॉल सरळ माझ्या मांडीवर बसला.

अशी कळ आली की बॅट हातातून गळून पडली आणि मी एका गुडघ्यावर खाली बसले. व्हर्न धावत आला. हाड मोडलं का, कुठे लागलं, बोल ना... तो विचारत होता, आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून काढत होता. मी रडत होते आणि हसतही होते.

"श्वास घेते आहे ना मी," मी म्हणाले. "मोठी आहे मी, व्हर्न. लागलं तर लागलं."

त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या बोटांना मातीचा आणि चामड्याचा वास होता. त्यानंतर कोण आधी पुढे झालं यावर आमचं अजून एकमत नाही.

"मंगळवार!" बाबा कडाडले आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

आम्ही दचकून बाजूला झालो.

"काय म्हणतायत?" व्हर्नने कुजबुजत विचारलं.

"एक तर पुढचा बॉल टाक म्हणतायत, नाही तर माझ्या मुलीला सोड. दोन्हीपैकी एक."

तो उंचवट्यावर गेला. मी बॅट उचलली. पुढचा बॉल माझ्या बरगड्यांशेजारून असा गेला की कोटाला वारा लागला. मागे गादी धप्पकन वाजली. मी हलले नव्हते. व्हर्न तिथेच उभा राहिला, आपल्या डाव्या हाताकडे बघत. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

फेब्रुवारीत एका क्लबाने त्याला वसंतातल्या सरावासाठी फ्लोरिडाला बोलावलं. खालच्या लीगसाठीच, कसलीच खात्री नाही. जायच्या दिवशी सकाळी त्याने गाडीत सामान टाकलं आणि इंजिन चालू ठेवून पायरीशी आला.

"माझ्याबरोबर येशील?"

मी मागे खिडकीकडे पाहिलं. बाबा पडद्याआडून बघत होते.

"बाबांना सोडून नाही येता येणार."

"बरं." त्याने कॉलर वर केली. "मग मी विचारलंच नाही असं समज."

"तसं समजता येत नाही, व्हर्न," मी म्हणाले. पण तोवर तो गाडीकडे वळला होता, आणि त्याने ते ऐकलं की नाही मला कळलं नाही.

*

त्या उन्हाळ्यात तो वर चढला. जुलैत मोठ्या लीगमध्ये पुन्हा त्याचं नाव रेडिओवर आलं. बाबा आणि मी ओसरीवर बसून ऐकायचो. निवेदक म्हणायचा, ह्रुश्का आत टाकतोय, आणि बाबा समाधानाने मंगळवार म्हणायचे. तो मोठा खेळाडू झाला नाही. काही सामने जिंकला, तितकेच हरला, पण हिशेबात धरावा असा पिचर पुन्हा झाला. हिवाळ्यात तो परत आला, वरची खोली घेतली, माझ्या हाताला बर्फ बांधला. तो हिवाळा फार सुखाचा होता. पण तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी बाबा ओसरीवर खुर्चीतच गेले. मी कॉफी घेऊन आले तेव्हा ते नुकतेच झोपी गेल्यासारखे दिसत होते. व्हर्नला एका दिवसाची सुट्टी मिळाली. त्याने शवपेटीला खांदा दिला, चर्चच्या तळघरात बायकांनी लावलेल्या जेवणात हॉफमनकाकूंच्या हातचं काहीबाही खाल्लं आणि संध्याकाळच्या विमानाने गेला. विमानतळावर मी त्याला घट्ट धरलं. आता विचारेल, मला वाटलं. मग वाटलं, बापाच्या मातीच्या दिवशी विचारलं नाही ते बरंच केलं.

पण त्या हिवाळ्यातही त्याने विचारलं नाही. वर्कशॉपाचं छप्पर दुरुस्त केलं, माझ्याबरोबर बर्फातून मैलोगणती चालला, एकदा तर माझ्या केसांतला बर्फ झटकताना थांबून काहीतरी बोलायला लागला आणि "थंडी आहे" म्हणाला. मी हॉगन आहे. आमच्या घरात आपण होऊन काही मागायची रीत नाही. मीही थंडी आहे खरी, असं म्हणून चालायला लागले. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, त्याच्या क्लबाचा मिल्वॉकीत सामना होता. मी त्याचे हजारो बॉल झेलले होते, पण स्टेडियममध्ये त्याला कधीच पाहिलं नव्हतं. त्याला न सांगता मी गेले. एवढ्या माणसांत तो उंचवट्यावर लहान दिसत होता. गोठ्यात तो छपराला टेकेल असा वाटायचा.

समोर एक तरुण बॅटर आला आणि पाटीवर झुकून उभा राहिला, बिनधास्त. व्हर्नने बॉल बोटांत फिरवला. मला माहीत होतं तो काय टाकणार... माझ्या बरगड्यांना माहीत होतं. बॉल आत आला, कमरेच्या उंचीवर, त्याच्यापासून वीतभर लांब, नेमका. घाबरवणारा नव्हता तो. फक्त ती जागा माझीही आहे, एवढं सांगणारा होता. बॅटर मागे सरकला आणि यजमानांचं सगळं स्टेडियम चिडून व्हर्नच्या नावाने ओरडायला लागलं. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. शेजारी सॉसेज खाणारा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तो तुमचा कोण लागतो?"

मी टाळ्या वाजवत राहिले.

पुढचाच बॉल टाकताना त्याचा हात मध्येच खाली आला. बॉल पाटीपर्यंतही पोचला नाही. तो खांदा धरून उभा राहिला. मग कोणी येण्याआधी स्वतःच चालत गेला आणि बॉल मॅनेजरच्या हातात ठेवला. ज्या लोकांनी त्याच्या नावाने शंख केला होता तेच आता टाळ्या वाजवत होते. त्याने मान वर केली नाही.

खेळाडूंच्या फाटकाशी मी बराच वेळ उभी होते. तो सगळ्यांत शेवटी आला. डाव्या खांद्यावर बर्फाची पिशवी पट्ट्याने बांधलेली, शर्ट नुसता अंगावर टाकलेला. मला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"तू?"

"मी. डॉक्टर काय म्हणाले?"

"शस्त्रक्रिया केली तर केस विंचरता येतील म्हणाले." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "संपलं, सिग्ना. आतून फाटलाय सगळा. मलाही कळलं होतं टाकताना."

मी त्याचा उजवा हात धरला. आम्ही रिकाम्या वाहनतळाकडे चालत राहिलो. ऊन उतरत होतं.

"तू मला पुन्हा विचारलं का नाहीस?" मी म्हणाले.

कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.

"आधी बाबा होते. मग बाबा गेले, आणि मला वाटलं, आता विचारलं तर... त्यांच्या जाण्याची वाट बघत होतो असं होईल. मग दिवस जात राहिले. आणि नाही म्हणालीस तर हिवाळ्यात यायला जागा राहिली नसती."

"आता विचार."

"आता?" त्याने खांद्याकडे पाहिलं. "आता काय आहे माझ्याकडे? खांदा नाही. काम नाही. लहानपणापासून एकच गोष्ट येत होती, तीही गेली. काय म्हणून विचारू?"

"मी तुला नोकरीवर ठेवत नाहीये, व्हर्न. लग्न करते आहे."

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि तो एकदम माझ्या खांद्यावर कपाळ टेकून उभा राहिला. बर्फाच्या पिशवीचं पाणी माझ्या बाहीवरून ओघळत होतं. तो रडत होता, हात गेल्याबद्दल की दुसऱ्या कशाबद्दल, मी विचारलं नाही. दोन्ही असेल.

"हो म्हण," मी त्याच्या कानाशी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "कधीचाच हो."

गाडी मी घेतली. त्याला एका हाताने पट्टाही लावता येईना. मी वाकून लावून दिला. शहर मागे पडलं, मका दोन्ही बाजूंना उंच झाला, आणि तो काचेला डोकं टेकून झोपी गेला. मिसिसिपीवरच्या पुलाआधी मी पेट्रोलसाठी थांबले आणि दोन कॉफ्या घेतल्या. गाडीत आले तेव्हा तो जागा होता आणि पलीकडच्या आयोवाच्या टेकड्यांकडे बघत होता. त्यांच्यामागे सूर्य बुडत होता.

"किती राहिलं घर?" त्याने विचारलं.

"फार नाही. जेवायच्या वेळेला पोचू."

त्याने माझ्या हातातली कॉफी घेतली, आपल्या दोन गुडघ्यांत सांभाळून धरली आणि मोकळा हात माझ्या हातावर ठेवला.

"सावकाश चालव," तो म्हणाला. "आता घाई नाही."